भिंतीवर टीव्ही लावल्यापासून चित्र जातंय-येतंय, मदत हवी आहे

जुळेसोलापूरकर
५५ इंची ४के टीव्ही भिंतीवर घेतला. फिक्स ब्रॅकेट आहे, पाठ आणि भिंतीत जेमतेम ३० मिमी जागा. सेट टॉप बॉक्स पलीकडच्या कपाटात, मध्ये २५ मिमी पाइपातून ८ मीटर एचडीएमआय वायर. टेबलावर दीड मीटर वायरवर सगळं नीट होतं. आता चित्र दोन सेकंद काळं होऊन परत येतं, मधूनच पांढरे ठिपके. साउंडबार गप्प. डिशची वायर लावताना हाताला झिणझिण्या आल्या. नुकताच रंग दिलाय, झिरी मारणं नको.

टेस्टर
आधी झिणझिण्यांचं बघा. टीव्ही, बॉक्सचे प्लग बहुतेक दोन पिनांचे. आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून किंचित करंट एचडीएमआयच्या पत्र्यावर आणि डिशच्या वायरच्या जाळीवर येतो. अर्थिंग नसलं की तो हातातून वाट काढतो. वायरमनकडून डिशचा पाइप आणि वायरची जाळी घराच्या अर्थिंगला जोडून घ्या. झिणझिण्या नसून सणसणीत झटका असेल तर मेन पाडा, आणि वायरमन येईपर्यंत कशाला हात लावू नका.
तोवर वायर काढता-लावताना टीव्ही, बॉक्स, साउंडबार तिन्हींचे प्लग बोर्डातून उपसा, आणि डिशची वायर सगळ्यात शेवटी जोडा. रिमोटने बंद केलं म्हणजे बंद झालं असं नाही. चालू वायर खुपसतानाच पोर्ट उडतात.

होटगीरोड
ठिपके म्हणजे डेटा गळतोय, काळं म्हणजे जोडणीच सुटतेय. दुखणं एकच, काळं होणं ही त्याचीच पुढची पायरी. बॉक्सवर १०८०पी करून बघा. ४के ६०ला (सेकंदाला ६० चित्रं) पूर्ण रंगात १८ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) लागतात, १०८०पी ६०ला साडेचारच्या आत भागतं. मग परत ४के करून टीव्हीची खालची कड दोन बोटं पुढे ओढून धरा. सरळ प्लगला वायरच्या मानेसकट ५० मिमी तरी लागतात, तुमच्याकडे ३० आहेत.

जुळेसोलापूरकर
१०८०पीवर तासभरात एकदाही गेलं नाही. ४केवर कड ओढली की ठिपके जातात, काळं होणं कमी होतं पण थांबत नाही.

होटगीरोड
मग प्लगही दाबला जातोय आणि वायरही दमतेय. साध्या तांब्याच्या वायरवर १८ जीबीपीएस ५ मीटरपलीकडे भरवशाचं नाही, पाकिटावर काही का छापलेलं असेना. एल-जोड (काटकोनात वळणारा जोड) लावून मोकळे होऊ नका: प्लगवरचा दाब जाईल, पण आधीच दमलेल्या वायरीत एक सांधा वाढेल.
ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, १० मीटर, एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच साउंडबारकडे पाठवायची सोय) चालतं असं लिहिलेली, सुट्या डोक्याची. बारकं टोक पाइपातून जातं, मोठं डोकं नंतर बसवायचं. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असतं. उलटी ओढलीत तर चित्रच नाही, पुन्हा सगळी बाहेर. म्हणून आधी जमिनीवर पसरून तासभर ४के चालवा. घडी घालू नका, काचेचा धागा आहे.
पाइपातली जुनी वायर हलत असेल तर टीव्हीकडचा प्लग कापून नवी तिला चिकटपट्टीने बांधा आणि कपाटाकडून ओढा. ताण वायरच्या कव्हरवर यावा, टोकावर नको. एल्बोत अडकली असेल तर झटापट न करता वरून केसिंग पट्टी मारा. वीजेची वायर त्याच पाइपात असेल तरीही पट्टीच.
वायर येईपर्यंत टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा ‘एन्हान्स्ड’ फॉरमॅट ‘स्टँडर्ड’ करा. ४के राहतं, रंगाची खोली थोडी कमी होते.

टेस्टर
पोर्ट भिंतीकडे तोंड करून असेल तर बाजूला तोंड असलेला वापरा, ३० मिमीतही जमेल. तसा नसेल तर २० मिमी स्पेसर आणि तेवढेच जास्त लांब व्हेसा स्क्रू (ब्रॅकेट टीव्हीच्या पाठीला धरणारे). आटे आत किमान ८ मिमी जायला हवेत.
साउंडबार ज्या पोर्टवर ‘एआरसी’ लिहिलंय तिथेच चालतो, तो एकच असतो. सीईसी (जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवतात ती सेटिंग) चालू करा, आवाज आधी पीसीएमवर (साध्या डिजिटल आवाजावर) ठेवा.
गच्चीवरचा एफ-कनेक्टरही (डिशच्या वायरचं आट्यांचं टोक) बघा. आपल्याकडच्या चाळिशीपारच्या उन्हात वायरचं कव्हर तडकतं, पावसाळ्यात जाळी हिरवी पडते आणि खापर टीव्हीवर फुटतं.

जुळेसोलापूरकर
‘स्टँडर्ड’ केल्यावर एकदाच काळं झालं. साउंडबार साध्या पोर्टात होता, हलवल्यावर वाजला. जुनी वायर वीतभर सरकतेय, नवी मागवतो.