ड्रायव्हरने पिन मागावी ती कोणत्या नावाने?

खटपट्या: लिनक्स ड्रायव्हरमध्ये आजही कुणी 'जीपीआयओ ४७' असा पिनचा (म्हणजे सॉफ्टवेअरने हाताळायच्या लाइनचा) थेट नंबर लिहिलेला दिसला की डोकं फिरतं. डिस्क्रिप्टरची, म्हणजे नंबराऐवजी नावाने पिन मागायची, सोय कर्नल ३.१३ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. ड्रायव्हरने नुसतं 'रिसेट' मागायचं. कर्नल डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय त्या वर्णनात, त्या उपकरणाच्या नोडमध्ये 'रिसेट-जीपीआयओज' शोधतो. कुठली चिप, कितवी लाइन, ॲक्टिव्ह लो (खालच्या पातळीला चालू) आहे का, सगळं तिथेच. बोर्ड बदलला तरी ड्रायव्हरला हात लावायला नको.

जुनं खोड: ऐकायला छान. पण नाव म्हणजे शेवटी स्ट्रिंग, कंपायलर ती बघतही नाही. डीटीएसमध्ये (डिव्हाइस ट्रीच्या सोर्स फाइलमध्ये) चुकून 'रेस्ट-जीपीआयओज' पडलं आणि ड्रायव्हर 'ऑप्शनल' गेट (पिन नसली तरी चालेल असं मागणारं फंक्शन) वापरत असेल, तर हातात नल (रिकामा पॉइंटर) येतो. पिनची पातळी बदलणारी सेट_व्हॅल्यू तो नल मुकाट्याने गिळते. एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. चिप रिसेटमध्ये पडून, आणि आपण आयटूसीवर (चिपशी बोलायच्या तारांवर) ॲक (पोच) का येत नाही म्हणून स्कोप लावून बसलोय. चुकीचा आकडा निदान बोंबलतो तरी.

खटपट्या: हे पाप ऑप्शनलचं, नावाच्या माथी कशाला? पिन लागतेच ना, मग साधं गेट वापरा. प्रॉपर्टी नसेल तर ईनोएंट ('सापडलं नाही' ही एरर) येतो आणि प्रोब (ड्रायव्हर उपकरणाला जोडायचा टप्पा) तिथेच पडतो. स्कीमा (डिव्हाइस ट्रीत काय चालेल त्याचे नियम) कडक असेल तर ते तपासणारं डीटीबीएस_चेकही पकडतं. आणि आकडा बोंबलतो म्हणे! शेजारची लाइन मोकळी असेल तर निमूट मिळते. तिच्यावर कुणाचा रेग्युलेटर (वीजपुरवठा) लटकलाय ते नंतर कळतं.

सोल्डरवाली: दोघांशीही असहमत. स्कीमॅटिकवर (सर्किटच्या नकाशावर) नेटचं, म्हणजे त्या तारेचं, नाव 'वायफाय_ईएन', डिव्हाइस ट्रीच्या 'जीपीआयओ-लाइन-नेम्स'मध्येही तेच. लिबजीपीआयओडीची (कर्नलबाहेरून पिना हाताळणाऱ्या लायब्ररीची) टूल्स त्याच नावाने लाइन शोधतात. मग ड्रायव्हरनेच काय घोडं मारलंय?

खटपट्या: एक तर ते नाव एकमेव असेलच याची हमी नाही. दोन एक्सपांडरवर (जादा पिना देणाऱ्या चिप्सवर) एकच नाव असलं तर कर्नल आधी सापडेल ती लाइन देऊन मोकळा होतो. बोर्ड फाइलच्या (डिव्हाइस ट्रीऐवजी सी कोडमध्ये लिहिलेल्या बोर्डच्या वर्णनाच्या) लुकअप टेबलमध्ये लाइनच्या नावाने मागता येतं, पण नाव सापडलं नाही तर कर्नल 'कॅनॉट फाइंड जीपीआयओ लाइन' छापून प्रोब डिफर करतो, म्हणजे नंतर पुन्हा बघू म्हणतो. चिप अजून यायची आहे की नावच चुकलंय, हे त्याला कळणार कसं? टायपो झाला तर ड्रायव्हर जन्मभर वाट बघणार.

जुनं खोड: म्हणजे स्ट्रिंगचा घोळ आहेच, आता तुम्हीच म्हणालात. आणि एसीपीआयचं (पीसीसारख्या मशीनवर फर्मवेअर देतं त्या हार्डवेअर वर्णनाचं) काय? फर्मवेअरमध्ये _डीएसडी (पिनांना नावं देणारा भाग) नसेल तर ड्रायव्हरलाच 'रिसेट म्हणजे पहिली नोंद' असा तक्ता बाळगावा लागतो. आला ना आकडा परत?

खटपट्या: आला. पण तो _सीआरएसमधला (उपकरणाच्या रिसोर्सेसच्या यादीतला) क्रम, त्या उपकरणापुरता. अख्ख्या सिस्टीमचा ४७ नाही.

सोल्डरवाली: आणि फर्मवेअरवाल्याने तो क्रमच उलटा लिहिला असेल तर?