स्लॅबसाठी नदीची वाळू की क्रश सँड? आणि ही चपटी खडी ठेवू का?

ओसरी:
नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ घर बांधतोय, पुढच्या गुरुवारी पहिला स्लॅब. ५ इंची, एम२० (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), माल साइटवरच मिक्सरने. मिस्त्री म्हणतो नदीची वाळू नसेल तर स्लॅब गळणार, ठेकेदार म्हणतो क्रश सँड मस्त चालते. त्यात काल खडीचा डंपर आला, बरेच तुकडे पापडीसारखे. परत पाठवू का?

गुनिया:
वाळूचं भांडण नंतर, आधी खडी बघा. २० मिमी माप ठीक आहे. खडी जाडीच्या पाव भागाहून मोठी नको, तुमचा स्लॅब १२५ मिमी. प्रश्न आकाराचा आहे. पापड्या आडव्या बसतात, खाली पाणी आणि हवा अडकते, माल सरकत नाही. मग गडी काय करतो? मिक्सरमध्ये बादली ओततो. सिमेंट तेवढंच, पाणी वाढलं, ताकद गेली.
पाण्याची भूक मापानेही बदलते. आयएस १०२६२ (काँक्रीटचं प्रमाण ठरवायचं भारतीय मानक) प्रमाणे ५० मिमी स्लंपला (साचा काढल्यावर ओला माल किती खाली बसतो ते माप) २० मिमीच्या टोकदार खडीसाठी घनमीटरला १८६ किलो पाणी धरतात, १० मिमीला २०८. नदीच्या गोल गोट्यांना त्याहून २० किलो कमी पुरतं, पण गुळगुळीत गोट्याला सिमेंट तितकं घट्ट धरत नाही. फुकट काही नाही.
एक घमेलं खडी घ्या, चपटे आणि लांबट वेचा, दोन्ही ढीग वजन करा. आयएस ३८३ (खडी-वाळूचं मानक) मध्ये दोन्ही मिळून ४० टक्क्यांपर्यंत चालतात. मला ती मर्यादा सैल वाटते. पंचविशीच्या वर गेलं की मी क्रशरवाल्याला फोन लावतो.

जिन्याखालची_ताई:
वाळूवर माझा अनुभव लिहिते. आमच्याकडे क्रश सँड म्हणून साधी डस्ट उतरवली. माल चिकट झाला म्हणून गड्यांनी पाइपच सोडला. मी तिथेच उभी होते, पण कळलं नाही. आज दोन वर्षं झाली, जिन्यावर झाडू मारला की सुपलीभर करडी भुकटी निघते.

गुनिया:
ताई, हाच फरक. डस्ट म्हणजे खडी फोडताना उरलेला चुरा, क्रश सँड म्हणजे मुद्दाम वाळूच्या मापात फोडून, चाळून किंवा धुऊन काढलेली. फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते, नदीच्या वाळूत ३ टक्केच, कारण तिथली भुकटी बहुधा माती असते. मूठभर ओली करून चोळा. दगडाची भुकटी खरखरते, माती बुळबुळीत लागते.

थापी:
मिस्त्रीलाही अगदी खोटं पाडू नका. गोल दाण्याची वाळू थापीखाली लोण्यासारखी पळते, त्याचा हात त्यावर बसलाय. पण स्लॅब गळतो तो नीट न ठासल्याने आणि जास्त पाण्याने. हां, नदीची म्हणून खाडीची वाळू कोणी टाकली तर हात लावू नका, मिठाने सळई गंजते.
आणखी एक. घमेल्याने मोजणार असाल तर ओलसर वाळू फुगते, वीस-तीस टक्केसुद्धा. डब्यात सैल भरून उंची मोजा, मग पाण्यात बुडवून परत मोजा. बुडवल्यावर जेवढी खाली बसली त्या प्रमाणात घमेल्यात जास्त घ्यायची.

ओसरी:
आज आईने आणि मी अंगणात बसून तांदूळ निवडावेत तशी खडी निवडली! २२ किलोत ८ किलो पापड्या-लांबट. म्हणजे ३६ टक्के. नियमात बसते, पण मन मानत नाही. वर काही तुकड्यांना मुरमाची लाल माती चिकटलीय.

गुनिया:
मातीवाली आधी धुवा. खडीवर मातीचं अस्तर असेल तर सिमेंट मातीला चिकटतं, दगडाला नाही. क्रशरवाल्याला व्हीएसआयमधून (दगड जोरात आपटून फोडणारं मशीन) काढलेली खडी मागा, ती चौकोनी निघते. ही फुटिंगच्या पीसीसीत (पायाखालचं बिनसळईचं काँक्रीट) वापरता आली असती, आता कंपाउंडच्या पायात जिरवा. नव्या खडीत निम्म्याला थोडी कमी १० मिमी मिसळा, मोठ्या खड्यांमधल्या पोकळ्या भरतात. आणि उन्हात तापलेला ढीग आदल्या संध्याकाळी भिजवा, नाहीतर तो मालातलं पाणी पितो.

ओसरी:
क्रशरवाला खडी बदलून देतोय म्हणाला, भाडं माझ्याकडून. वाळू धुतलेली क्रश सँडच घेतोय, मिस्त्री रुसलाय. ताकद तपासायला क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) भरायचे का?

गुनिया:
सहा भरा. तीन ७ दिवसांनी फोडायचे, तीन २८ला. आणि मिक्सरच्या पाण्याची बादली स्वतःच्या हातात ठेवा.