हायस्कूलसाठी एईडी घ्यावं का? शाळा आणि कारखान्यांतल्या शॉकच्या यंत्राबद्दल तुमचं मत हवं आहे

लोटे_बी_शिफ्ट (धागा सुरू करणारा)

राजापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थी मंडळाकडे सुवर्णमहोत्सवाच्या वर्गणीतून थोडी रक्कम उरली आहे. त्यातून शाळेला एईडी घ्यावं असं मी सुचवलं आणि मंडळात दोन तट पडले. मी लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. माझं म्हणणं सविस्तर मांडतो, तुम्ही तुमचं मांडा.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी: हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला विजेचा झटका देणारं हे यंत्र आकाराने लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा लहान असतं. चालू केलं की ते बोलायला लागतं. छाती उघडी करा, पॅड चिकटवा, आता कुणी हात लावू नका. हृदयाची लय ते स्वतः तपासतं. हृदय रक्त न ढकलता नुसतंच थरथरत असेल किंवा अतिवेगाने निष्फळ धडधडत असेल तरच ते झटका सुचवतं. लय नीट असेल तर देत नाही, आणि हृदय पूर्ण शांत झालं असेल तरीही देत नाही, कारण तिथे झटक्याचा उपयोग नसतो. छातीत कळ येऊन घाम फुटलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी हे यंत्र नाही. त्याला थेट दवाखान्यातच न्यायचं.

थरथर सुरू झाल्यावर कुणी काहीच केलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ची गाडी महामार्ग सोडून, दोन घाट्या उतरून आमच्या शाळेपर्यंत दहा मिनिटांत पोचेल असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चालकांचा यात काही दोष नाही, आपला भूगोलच तसा आहे.

अमेरिकेतल्या जुगारघरांत सुरक्षारक्षकांच्या हाती हे यंत्र दिलं होतं. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले, त्यानंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. हे करणारे डॉक्टर नव्हते, पहारेकरी होते.

आणि शाळा ही काही फक्त मुलांची जागा नव्हे. मतदान तिथेच, पुरात निवारा तिथेच, क्रिकेटच्या मॅची तिथेच, गॅदरिंगला आजी-आजोबाही तिथेच. २००९ साली अमेरिकेतल्या १७१० हायस्कुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे यंत्रं आधीच होती. ३६ शाळांत कुणाचं तरी हृदय बंद पडलं. त्यात १४ खेळाडू विद्यार्थी आणि २२ मोठी माणसं. ३६ पैकी २३ जण वाचून घरी गेले. आपल्या गावात तेवीस सोडा, एक जरी वाचला तरी मला हा खर्च मान्य आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक

तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण माझा विरोध आहे आणि तो मी मंडळाच्या सभेतही मांडेन.

तुमचेच आकडे घेतो. १७१० पैकी ३६. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव शाळांत त्या काळात यंत्र लागलंच नाही. यंत्राची किंमत लाखाच्या आसपास. तेवढ्यात मुलींच्या स्वच्छतागृहाला बारमाही पाणी येतं. पाणी नाही म्हणून महिन्यातले ठरावीक दिवस शाळेत न येणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं हजेरीपटावर पाहिल्या आहेत. कधीतरी येईल अशी ही गोष्ट नाही, दर महिन्याला येते.

जिवाचंच म्हणाल तर कोकणात फुरसं आहे. पावसाळ्यात साप चावलेल्या मुलाला तातडीने कोणत्या आरोग्य केंद्रात न्यायचं, तिथे लस आहे का, गाडी कुणाची, हे प्रत्येक शाळेत भिंतीवर लिहिलेलं असावं. त्याला लाख रुपये लागत नाहीत.

आणि सांभाळणार कोण? पॅडची मुदत साधारण दोन वर्षांची. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलायची. आमच्याकडे वाजतगाजत संगणक कक्ष आला होता. ज्या शिक्षकाला त्यातलं कळत होतं ते निवृत्त झाले, यूपीएस बंद पडला आणि खोलीला कुलूप लागलं. वस्तू देणारे हारतुरे घेऊन जातात, देखभालीचं बिल मुख्याध्यापकाच्या टेबलावर येतं. शिक्षकांवर आधीच पोषण आहार, निवडणूक, सर्वेक्षणं आहेत. त्यात हे आणखी एक रजिस्टर नको.

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय

मी दोघांशीही पूर्ण सहमत नाही.

आमच्याकडे पेशंट कसा येतो ते सांगते. रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा, एकाच्या मांडीवर डोकं, दुसऱ्याने पाय धरलेले, आणि वाटभर छातीला कुणाचाही हात लागलेला नाही. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, आत्ता आत्तापर्यंत श्वास चालू होता." विचारलं की कळतं, मधूनमधून आचके येत होते, घसा घरघरत होता. तो श्वास नसतो. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं तसं होतं आणि लोक फसतात. हाक मारून, खांदे हलवून माणूस शुद्धीवर येत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर कुणालातरी १०८ लावायला सांगून लगेच छाती दाबायला घ्यायची. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. यंत्र येईपर्यंत थांबायचं नाही.

डेन्मार्कचं उदाहरण बघा. २००५ पासून त्यांनी शाळेत हे शिकवणं सक्तीचं केलं, पुढे वाहन परवान्यालाही जोडलं. २००१ मध्ये दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या पाचातल्या एकाची छाती आसपासच्या लोकांनी दाबली होती. २०१० मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत गेलं. महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर आलं. इतरही सुधारणा झाल्या होत्या, सगळं श्रेय एकाच गोष्टीला देत नाही. पण त्याच काळात लोकांनी यंत्र वापरल्याच्या घटना मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच राहिल्या.

शिवाय बहुतेक माणसं घरीच कोसळतात, शाळेत नाही. म्हणून माझं मत: आधी आठवी ते दहावीची सगळी मुलं शिकवा. ती घरी जाऊन आईबापांना दाखवतील. यंत्र नंतर घ्या.

चाकरमानी_डोंबिवली

मंडळात मी पण आहे. पैशांपेक्षा मला भीती दुसरी वाटते. उद्या एखाद्या शिक्षकाने यंत्र लावलं आणि माणूस दगावला, तर नातेवाईक त्याच्यावर केस करणार नाहीत कशावरून? गावात बोल लागायला वेळ लागत नाही.

ओरोसचा_वकील

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगतो. "गुड समॅरिटन"चं, म्हणजे मदतीला धावून जाणाऱ्याचं, जे संरक्षण लोकांना माहीत आहे, ते २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ. ते रस्ते अपघातापुरतं आहे. शाळेत कोसळलेल्या माणसाला ते लागू होत नाही. मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३०, म्हणजे जुन्या दंडविधानाचं ९२, आहे. माणूस संमती देण्याच्या अवस्थेत नाही, विचारायला वेळ नाही, आणि तुम्ही त्याच्याच भल्यासाठी सद्भावनेने काही केलंत, तर तो गुन्हा ठरत नाही. त्यामुळे घाबरून हात बांधून उभं राहण्याचं कारण नाही. तरीही माझं मत असं की हृदय बंद पडण्याच्या घटनांसाठी स्वतंत्र, स्पष्ट तरतूद हवीच.

कारखान्यांचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ मध्ये दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि पाचशेच्या वर कामगार असतील तर उपचाराची खोली (ॲम्ब्युलन्स रूम) होती. शॉकच्या यंत्राचा त्यात उल्लेख नव्हता.

रापणकार_मालवण

सगळ्यांचा वाचलंय. माका एकच विचारूचा आसा. शाळा पाच वाजता सुटता, मे म्हयनो सगळो बंद. यंत्र हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात ऱ्हवला तर ता कोणाच्या उपेगाचा? आमच्या जेटीर पहाटे तीनपासून माणसां. रापणीचा जाळा ओढताना कोणी आडवो झालो तर शाळेची चावी शोधूक जातलंव काय? देवचा आसात तर भायर रस्त्याच्या बाजूक लावा, नायतर देव नकात.

रिॲक्टर_ऑपरेटर

कारखान्यात हवं, याबद्दल दुमत नको. २३० व्होल्टचा घरगुती झटकासुद्धा हृदयाला याच थरथरीत ढकलू शकतो, आणि आमच्याकडे पॅनेल, वेल्डिंग, ओल्या फरशा सगळंच आहे. पण मी याआधी ज्या कंपनीत होतो तिथे यंत्र ऑफिसच्या लॉबीत काचेत होतं. पाहुण्यांना दिसायचं. प्लँटपासून ते लांब, आणि रात्रपाळीत लॉबीला कुलूप. अशा खरेदीला माझा विरोध आहे.

दुसरं, सॉल्व्हंटच्या, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रावकांच्या, भागात हे यंत्र चालवायचं नसतं, ठिणगीने आग लागू शकते. आधी माणसाला मोकळ्या हवेत आणायचं. वायूने गुदमरलेला असेल तर मास्कशिवाय आत धावणारा दुसरा बळी होतो. आणि गुदमरून बंद पडलेलं हृदय बहुतेक वेळा झटक्याने सुरू होण्यासारखं नसतं. बुडालेल्या माणसाचंही तेच. तिथे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं हेच पहिलं. भिंतीवर यंत्र आहे म्हणून सुरक्षेचं काम झालं, असं व्यवस्थापनाला वाटायला नको.

चाकरमानी_डोंबिवली

वकीलसाहेब, आभार. आणखी एक, विचारायला अवघड वाटतं, पण विचारतो. बाईमाणूस कोसळलं तर छाती उघडी कोण करणार? आमच्या गावात पुरुष पुढे होणार नाहीत.

सिस्टर_ग्रामीण_रुग्णालय

अवघड वाटलं तरी विचारलंत हे चांगलं केलंत, कारण याच संकोचापायी बायका मागे राहतात. बाहेरच्या देशांतही अनोळखी लोकांकडून बायकांची छाती कमी वेळा दाबली जाते असं दिसलं आहे. पॅड उघड्या, कोरड्या त्वचेलाच चिकटतात. एक उजव्या कॉलरच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या खाली. पेटीत कात्री, पुसायला कापड आणि एक चादर ठेवायची. चौघींनी चादर धरून आडोसा केला की झालं. प्रशिक्षणात शिक्षिका, मदतनीस, बचतगटाच्या बायका असायलाच हव्यात. आणि कुणी बाई जवळ नसेल, तर पुरुषाने थांबू नये.

लोटे_बी_शिफ्ट

बरेच मुद्दे आले. मला पटले ते आणि न पटले ते, दोन्ही सांगतो.

रापणकारदादांचं शंभर टक्के बरोबर. फाटकाजवळ, रस्त्याच्या बाजूला, छपराखाली, कुलूप नसलेल्या पेटीत. खाऱ्या हवेत लोखंडी पेटी दोन पावसाळे काढणार नाही, स्टेनलेस स्टीलचीच घ्यायची. चोरीला जाईल असं काही जण म्हणतील, त्यासाठी उघडल्यावर वाजणारी पेटी मिळते. वीज गेली तरी अडत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस अंधार होता. बहुतेक एईडीच्या बॅटरीला चार्जिंग लागत नाही, आणि यंत्र स्वतःची तपासणी करून हिरवा दिवा दाखवतं. तो दिवा आठवड्यातून एकदा बघणं, एवढंच काम. ते शाळेवर टाकू नका, मंडळाच्या गावातल्या दोघांकडे द्या.

सिस्टर, आधी प्रशिक्षण हे मान्य. पण "यंत्र नंतर" हे मला पटत नाही. छाती दाबून मेंदूला रक्त मिळतं, वेळ मिळतो. थरथर मात्र सहसा झटक्यानेच थांबते. आपल्याकडे तो झटका १०८ च्या गाडीसोबत येणार असेल, तर मुलं दाबत दाबत दमून जातील. तुमचं डेन्मार्क सपाट आहे, तिथली गाडी लवकर येते. जिथे गाडीला उशीर, तिथेच यंत्राची गरज जास्त, असं माझं म्हणणं आहे.

गुरुजी, स्वच्छतागृहाच्या पाण्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते व्हायलाच हवं. म्हणून प्रस्ताव बदलतो: मंडळाची रक्कम पाण्याच्या टाकीला आणि पंपाला, आणि यंत्रासाठी लोट्याच्या कंपन्यांकडे सीएसआरमधून, म्हणजे त्यांनी समाजकामावर खर्चायच्या पैशातून, मागणी. पुरेसा नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के असे खर्च करावेच लागतात. मागणीत दहा वर्षांचे पॅड आणि बॅटऱ्या आधीच लिहायच्या, आणि सूचना मराठीत, निदान हिंदीत देणारंच यंत्र हवं, हेही. कारखान्यांनी त्यांच्या कामगारांसाठी मात्र स्वतःच्या खर्चाने घ्यावं. त्यात सीएसआरचा पैसा लावू नये.

रिॲक्टर_ऑपरेटर

अर्जात एक ओळ घाला: पाऊस पडत असेल तर माणसाला पाण्याच्या डबक्यातून बाजूला घेऊन, छाती पुसून मगच पॅड. पेटीच्या दारावर ठळक लिहायला हवं.

निवृत्त_मुख्याध्यापक

पाण्याला आधी पैसे, हे मान्य केलंत, समाधान वाटलं. यंत्राला माझा विरोध कायम आहे. दहा वर्षांचे पॅड लिहून घेतले तरी ते दर दोन वर्षांनी मागवायचे कुणी, याचं उत्तर "गावातले दोघे" एवढंच मिळालं. त्यांची नावं आणि त्यांच्यानंतर कोण हे ठरावात आल्याशिवाय मी हात वर करणार नाही.

सिस्टरांचं प्रशिक्षण मात्र यंत्राची वाट न बघता घ्या. वर्ग आणि सभागृह मी मुख्याध्यापकांशी बोलून मिळवून देतो. सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस मोकळे असतात. सिस्टर, सरावाचा पुतळा तुमच्याकडे आहे की रत्नागिरीहून मागवावा लागेल, तेवढं कळवा.