आयव्हीएफ चालू असताना देवीला धरून राहिलं तर नेमकं कुणाचं काय बिघडतं?

रंकाळ्याकाठची
लग्नाला नऊ वर्षं झाली, पस्तिशी ओलांडलीय, आयव्हीएफची म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांची दुसरी सायकल (फेरी) चालू आहे. पहिली मार्चमध्ये फेल गेली. परवा नात्यातले एक दादा तोंडावर म्हणाले, "एकतर डॉक्टरवर विश्वास ठेव नाहीतर देवावर, दोन दगडांवर पाय ठेवून काय होत नसतं." तवापासनं डोक्यातनं जाईना म्हणून लिहितेय.

नवरात्रात माझी इंजेक्शनं चालू होती. फ्रीजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी इंजेक्शनचं पेन आणि वरच्या कप्प्यात ओटीतल्या नारळाची अर्धी वाटी, असं दहा दिवस एकत्र नांदत होतं. रात्री नऊच्या ठोक्याला हे पोटाची चिमूट धरून सुई टोचायचे आणि मी डोळे मिटून आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईचं नाव घ्यायची. अंडी वाढवायचं काम औषध करतंय हे मला कळतं, मी बीएस्सी झालेय. पण रोज उठून परत पोट पुढं करायला बळ लागतं, ते मला औषधाच्या डबीतनं मिळत नाही.

अजून एक सांगते. ही इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालू होतात. आमच्या घरात ते चार दिवस देवघराकडं फिरकायचं नाही. म्हणजे सगळ्यात जास्त धाकधूक ज्या दिवशी असते त्याच दिवशी देवीपुढं हात जोडायचे नाहीत. मार्चमध्ये मी पाळलं. ह्यावेळी अंघोळ केली, सरळ देवघरासमोर बसले आणि समई लावली. सासूबाई दारातनं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, जाऊन तेलाची बाटली आणून माझ्याजवळ ठेवली.

आणि मार्चमध्ये फेल गेल्यावर चुलत सासूबाई म्हणाल्या होत्या, "नवस मनापासनं बोलली नसशील." दादा म्हणतात देव सोड, ह्या म्हणतात देव कमी पडला कारण तू कमी पडलीस. मला दोन्ही मंजूर नाही. तुम्हाला काय वाटतं?

शाहूपुरीकर
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे पण मी तुमच्या दादांच्या बाजूनं. माझ्या सख्ख्या बहिणीची चार वर्षं ह्यात गेली. माघातले जोतिबाचे खेटे (रविवारच्या पायी वाऱ्या) झाले, नरसोबाच्या वाडीला दत्ताची सेवा झाली, एका बाबाकडनं अंगारा आणून पाण्यातनं प्याला झाला आणि ह्या सगळ्यात भावजींची साधी वीर्यतपासणी कुणी केली नाही. शेवटी केली तर दोष तिकडंच निघाला, आणि तोवर बहिणीचं एएमएच, म्हणजे अंडी किती शिल्लक आहेत ते सांगणारा आकडा, पार खाली आलेलं. मूल न होण्यात जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, पण उपवास कुणाला? बाईला. ओटी कुणी भरायची? बाईनं. वय कुणासाठी थांबत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याच महाराष्ट्रात झाला तो उगाच नाही, मूल होण्याच्या नावाखाली बायकांना लुबाडणारे कितीतरी आहेत.

रंकाळ्याकाठची
तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, तुमचा राग देवीवर आहे की भावजींना तपासणीला न धाडणाऱ्या घरावर? ती चार वर्षं अंबाबाईनं नाही घालवली. आमचे हे पहिल्याच महिन्यात जाऊन तपासून आले आणि तिथनं सरळ माझ्याबरोबर ओटी भरायला आले.

शाहूपुरीकर
राग घरावर आहे, मान्य. पण 'देव देईल तेव्हा देईल' हे वाक्य आमच्या घरात कुणी बोललं नसतं तर तपासणी चार वर्षं आधी झाली असती. ते वाक्य श्रद्धेतनंच येतं, ताई.

पन्हाळारोडची आक्का
पोरी मी जुन्या वळणाची बाई हाय, रागावू नको. पाळीत देवघरात बसलीस हे मला पटलं न्हाई, आमच्यात ते चालत न्हाई. पण त्या चुलत सासूचं त्याच्याहून पटलं न्हाई. मला चौदा वर्षांनी पोरगा झाला. जोतिबाला पाळणा वाहिला, गुलाल-खोबरं उधळलं, आणि गोळ्या बी खाल्ल्या डॉक्टरच्या. कशानं झाला ते मी कुणाला सांगत न्हाई कारण माझं मलाच ठावं न्हाई. माझ्या जावंनं माझ्यापेक्षा जास्त खेटे घातले, तिला झालं न्हाई. तिच्या मनात खोट हुती म्हणायची माझी छाती हुत न्हाई.

लॅबवाली
मी आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते, पिकअपच्या (अंडी काढायच्या) आधीच्या दिवसांत निर्जळी, निरंकार उपवास अजिबात करू नका. अंडाशय सुजलेले असतात, त्यावेळी शरीराला पाणी आणि प्रोटीन लागतं. पिकअपच्या दिवशी भुलीसाठी उपाशी राहायला सांगतात तेवढं पुरे. आणि ट्रिगरचं इंजेक्शन दिलेल्या वेळेलाच घ्या, आरती चालू असली तरी उठून घ्या, कारण अंडी काढायची वेळ त्यावरनं ठरते, साधारण ३५-३६ तासांनी.

बाकी देव आणि लॅब ह्यांचं वाकडं आहे असं मला कधी वाटलं नाही. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ ला झाली, डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नानं, इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर सत्तरच दिवसांनी. नवरात्राचे दिवस होते, त्या पोरीचं नाव दुर्गा ठेवलं.

शाहूपुरीकर
नाव दुर्गा ठेवलं हे खरं, पण त्या डॉक्टरचं काय झालं तेही सांगा की. सरकारी समितीनं त्यांचा दावा खोटा ठरवला, सरकारनं बदल्या केल्या, परदेशात जाऊन मांडणी करू दिली नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या नोंदी खऱ्या होत्या हे मान्य व्हायला कितीतरी वर्षं गेली. आपल्याकडं नवस फेडायला माणसं अनवाणी चालत जातात पण जो हातानं गर्भ तयार करतो त्याची आठवण कुणी काढत नाही, माझं दुखणं ते आहे.

लॅबवाली
ह्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.

बाबूजमालजवळची
मी मुसलमान आहे, जन्म सगळा इथलाच. इथं सगळे असं बोलायलेत की श्रद्धा म्हणजे फक्त मनाचा आधार. माझ्या बाबतीत तसं नाही झालं. ह्यांच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले. डॉक्टरनी डोनरचा पर्याय सांगितला, अगदी नीट समजावून, काही चुकीचं नाही बोलले. पण आमच्यात नवरा-बायकोचंच बीज असेल तर आयव्हीएफ चालतं, तिसऱ्याचं चालत नाही. आम्ही नाही म्हणालो. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या कुठल्या जमान्यात राहतेस. म्हणून सांगते, श्रद्धा नुसती धीर देत नाही, कधी कधी किंमत पण मागते, आणि ती किंमत मी विचार करून दिली. कुणी जबरदस्ती केली नाही. रडले मात्र पुष्कळ, अजून रडते. दर्ग्यात जाते तेव्हा आता मूल मागत नाही, ह्यांची तब्येत मागते.

शाहूपुरीकर
ताई, मला तुमचा निर्णय पटत नाही पण तो तुमचा आहे. माझ्या बहिणीनं तिचा निर्णय कधी घेतलाच नाही, तिच्यासाठी बाकीच्यांनी घेतला. एवढा फरक मला आज कळला.

तीन वेळा
तीन सायकली फेल. तिसरीनंतर देवघर आईकडं देऊन टाकलं. देवावर राग म्हणून नाही, निरांजन लावताना हात मनातल्या मनात हिशोब करायचा की एवढं केलंय आता तरी दे, आणि तसा हिशोबी नमस्कार मला करवेना. रंकाळ्याकाठच्या ताई, तुमचं चांगलं होऊ दे मनापासून, पण देवीला सौद्यात ओढू नका. फेल गेल्यावर मूल पण जातं आणि देव पण, दोन्ही एकदम.

रंकाळ्याकाठची
तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. मार्चमध्ये मी तोच सौदा केला होता. झालं तर सोन्याची नथ वाहीन म्हणाले होते. फेल गेल्यावर तीन महिने देवळाकडच्या महाद्वार रोडनं जायचं टाळलं. ह्यावेळी नवस बोलले नाही. आक्का, पाळीचं आपलं जमणार नाही, पण तुमच्या जावेबद्दलचं वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ, म्हातारीला कळतंय." लॅबवाल्या ताई, उपवास मी केलाच नाही, माझ्या वाटणीचे नऊ दिवस सासूबाईंनी धरले आणि मला रोज दोन अंडी उकडून दिली, स्वतः त्या घरात कांदापण चिरत नव्हत्या.

दोन गर्भ गोठवलेत. २९ ऑक्टोबरला ट्रान्सफर, म्हणजे गर्भ पोटात सोडणार, आणि ९ नोव्हेंबरला बीटासाठी, म्हणजे दिवस राहिले का ते कळायला, रक्त द्यायचंय. किरणोत्सवाचा पहिला दिवस पण तोच, मावळतीची किरणं देवीच्या पायांवर येतात, ढग आले तर तेवढीपण येत नाहीत. रिपोर्ट दुपारी हातात येईल. काय पण येऊ दे, संध्याकाळी मी आणि हे मंडपात उभे असणार, आणि सासूबाईंना ह्यावेळी पुढं उभं करणार, त्यांना मागनं दिसत नाही.