खानेसुमारीत बाप सापडतो का?

हिशेबनीस (धागाकर्ता)

आजचा बाप बदललाय, लंगोट बदलतो, पालकसभेला जातो, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मला तो आकड्यांत सापडत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. २०२४ मध्ये १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात वेळ देत होत्या, पुरुष २१.४ टक्के. जे देतात त्यांच्यातही बाईची १४० मिनिटं, पुरुषाची ७४. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट यांचा हिशेब वेगळा. तिथे बाईची २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. आणि २०१९ मध्ये पुरुषाची ९७ होती! लॉकडाऊनमध्ये भांडी घासतानाचे फोटो टाकणारे गेले कुठे?

माझं मत सरळ आहे. बापांना बाळंतपणाच्या वेळी पगारी रजा कायद्याने मिळाल्याशिवाय हे हलणार नाही. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीत असा कायदाच नाही. आईची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, बाप तिथेच. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी त्याच वर्षी लोकसभेत पितृत्व रजेचं खाजगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

चाकरमानी

मिनिटं मोजून बाप कळतो होय? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, सिंधुदुर्गात १०३६. मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. गावाकडून जे पुरुष गायब दिसतात ना, त्यांत आमचे बाप आहेत. गिरणीत, गोदीत, हॉटेलात. एका खोलीत दहा-बारा जण, जेवण खानावळीत, गावाला मनीऑर्डर, गणपतीला नि शिमग्याला चार दिवस घरी. तुमच्या पाहणीच्या हिशेबाने त्या माणसाने पोरांची काळजी शून्य मिनिटं घेतली. फी कोण भरत होतं मग? २०१९ च्याच पाहणीत कमाईच्या कामात पुरुष दिवसाला ४५९ मिनिटं देतो असं आहे, कमावत्या बायका ३३३. ते का नाही लिहिलंत?

खालची_वाडी

चाकरमानी, मीही रत्नागिरीचीच. तुमच्या ११२२ मध्ये माझी आई मोजलेली आहे. लावणी, कापणी, गुरं, सासू-सासरे, आम्ही भावंडं, आणि मनीऑर्डर उशिरा आली की वाण्याकडची उधारी. वडिलांनी आयुष्यभर मरमर काम केलं, त्याबद्दल शब्द नाही. पण ८२ च्या गिरणी संपानंतर ते गावी परतले तेव्हा मी कितवीत आहे हे त्यांनी मलाच विचारलं. पैसे पाठवणं हे बापपण असेल तर आईने केलं त्याला काय म्हणायचं? तिला तर तुमची जनगणना 'काम करत नाही' या रकान्यात टाकू बघायची.

आकडेमोड

दोघांचं भांडण चालू द्या, पण मूळ लेखातले आकडे नीट वाचा. २१.४ टक्के हे *बाप* नाहीत. १५ ते ५९ मधले सगळे पुरुष आहेत. कॉलेजातलं पोरगं, अविवाहित काका, पोरं परदेशी गेलेला पंचावन्नचा गृहस्थ, सगळे एकाच पोत्यात. शिवाय 'काळजी' मध्ये म्हातारी माणसंही येतात. तान्हं मूल असलेल्या बापाचा आकडा हवा असेल तर मुळातल्या नोंदींतून वेगळा काढावा लागेल.

दुसरं, ९७ वरून ८८ ही सरासरी फक्त *घरकाम करणाऱ्या* पुरुषांची आहे. कालपर्यंत काहीच न करणारे काही जण आज वीस मिनिटं झाडू मारायला लागले तर सरासरी खालीच येणार. ते वाईट की चांगलं?

खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या लोकसंख्येच्या आकडेवारीत बाप नावाची मोजमाप करायची गोष्टच नाही. जननदर असतो तो दर बाईमागे. महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३ (कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१). जनगणनेत 'किती मुलं झाली' हा प्रश्न बायकांसाठी. पुरुष 'कुटुंबप्रमुख' म्हणून पहिल्या ओळीत येतो आणि तिथेच संपतो.

टेबल_नंबर_चार

वरच्याला दुजोरा. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीला नोकरी झाली. जन्माच्या फॉर्ममध्ये बापाचं नाव, शिक्षण, धंदा. आईचं नाव, शिक्षण, धंदा, शिवाय लग्नाच्या वेळचं वय, बाळंतपणाच्या वेळचं वय, आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं. बापाचं वय विचारायला जागाच नव्हती. माणूस तिशीत बाप झाला की पन्नाशीत, कळायला मार्ग नाही.

बारामतीकर

मग त्यात गैर काय? मूल कुणाला झालं हे बाईच खात्रीने सांगणार. तिचं वय १५ ते ४९ धरता येतं, पुरुषाला अशी हद्द नाही. आणि पुरुषांना किती पोरं विचारलीत तर निम्मे आतल्या खोलीकडे बघून "अगं, धाकटा कधीचा?" म्हणतील. दोन घरं असलेले तर वेगळंच काही सांगतील.

उपकेंद्र

पुरुषांना विचारतात हो, कमी विचारतात. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत ७ लाखांवर बायकांशी बोलले, पुरुषांशी सुमारे १ लाख. त्या पुरुषांतले ३५ टक्के म्हणाले, गर्भनिरोधन ही बायकांची बाब, पुरुषाने डोकं लावायचं कारण नाही. आणि वागणंही तसंच: देशात नसबंदी बायकांची ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाका घालावा लागत नाही, त्याच दिवशी घरी. मी हे गावोगाव सांगते. नवरा ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि पुढच्या शिबिराला बायकोला पाठवतो. सासूच म्हणते, "त्याला कष्टाचं काम असतं." तिला काय, नुसता आराम? तेव्हा चाकरमानी, कमाईचे ४५९ मिनिटं मला मान्य. पण इथे कमाईचा काय संबंध?

लघुउद्योजक_एमआयडीसी

धागाकर्त्यांच्या रजेबद्दल बोलू. पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी. सव्वा महिना, कुठे तीन महिने बाळ आजोळी. बापाला १५ दिवस रजा दिलीत तर तो सासुरवाडीला जावई म्हणून बसणार, त्याचाच चहा-नाश्ता करायचा! सुनेची आई तुम्हाला शिव्या देईल.

हिशेबनीस

केंद्राच्या नियमात ती रजा मूल जन्मल्यावर सहा महिन्यांच्या आत कधीही घेता येते. बाळ घरी आलं की घ्यावी. तेव्हाच तर बाईला माणूस लागतो, माहेरची माणसं मागे राहिलेली असतात.

लघुउद्योजक_एमआयडीसी

आणि पगार? आईच्या २६ आठवड्यांचा पगारही मालकाच्या खिशातून, म्हणून कित्येक ठिकाणी नवी लग्न झालेली मुलगी घेतच नाहीत. हे उघड कुणी बोलत नाही इतकंच.

टेबल_नंबर_चार

ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असलेल्या बाईचा पगार ईएसआय देते, मालक नाही. बापाचं तिथेच जोडता येईल.

लघुउद्योजक_एमआयडीसी

ती सोय महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला. माझ्याकडचा सीएनसी यंत्रावरचा कामगार त्याच्या वर गेलाय. आधी ती मर्यादा वाढवून आणा, मग रजेचा अर्ज मीच छापून देतो.