केबल नंतर, आधी मांडीवर

इलेक्ट्रो-अकूस्टिक (केबलने ॲम्पला जोडता येणारी) गिटार कशी निवडावी, या प्रश्नावर वर बहुतेकांनी पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) आणि प्रीअँप (तो सिग्नल वाढवणारं सर्किट) यांवरच भर दिलाय. मी म्हणेन, आधी केबल बाजूला ठेवा आणि गिटार मांडीवर घेऊन अर्धा तास वाजवा. ड्रेडनॉटचा (मोठ्या पेटीच्या गिटारचा) आवाज भरदार, पण चण लहान असेल तर उजवा खांदा वर चढतो आणि दुखायला लागतो. माझं तेच झालं, शेवटी कॉन्सर्ट आकाराची, म्हणजे लहान पेटीची घेतली. बोटांनी तारा छेडणार असाल तर नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ४३ऐवजी ४४-४५ मिमी रुंदीचा बघा. फरक एक-दोन मिलिमीटरचाच, पण बोटं शेजारच्या तारेला कमी लागतात.

मग केबल लावा. सॅडलखालच्या (पेटीवर तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) पिएझो पिकअपचा आवाज जोरात स्ट्रमिंग केलं की प्लास्टिकसारखा कडकडतो. ॲम्पचे नॉब मधोमध ठेवून तो ऐका. सहाही तारा सारख्या ऐकू येतात ना? एखादी दबलेली वाटली तर बहुधा सॅडल नीट बसलेलं नसतं. पेटी मोठी तेवढी स्टेजवर फीडबॅकची (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून घुमण्याची) कटकट जास्त, रबरी साउंडहोल कव्हरने (पेटीच्या भोकावरच्या झाकणाने) ती बरीच कमी होते.

आणि हो, वाजवून झालं की केबल काढत जा. ती खोचलेली असेपर्यंत प्रीअँपची ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. ऐन कार्यक्रमात कळतं मग!