व्हिडिओत चहाची रांग नसते
संमेलनातल्या सेशनचे व्हिडिओ नंतर बघता येतात मग एवढ्या लांब कशाला जायचं, असं काही जण म्हणतात ते मला नाही पटत. २०२३ च्या एप्रिलमध्ये हैदराबादला विकिकॉन्फरन्स इंडियाला, म्हणजे विकिपीडियासारख्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांच्या संमेलनाला, गेले होते, तिथे सगळ्यात कामाची गोष्ट मला चहाच्या रांगेत कळली. विकिस्रोतावर, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं टाइप करून तपासायच्या ऑनलाइन ग्रंथालयात, मी तपासलेली पानं सगळी पिवळी (एकदा तपासलेली) होऊन तशीच पडून राहायची. एका तेलुगू ताईंनी तिथेच लॅपटॉप उघडून दाखवलं की पिवळं पान हिरवं (दुसऱ्यांदा तपासून पक्कं) करायला दुसराच माणूस लागतो, ज्याने पिवळं केलं त्याला तो पर्यायच दिसत नाही, म्हणजे एकटीने कितीही राबलं तरी पुस्तक पूर्ण होणार नाही!

परत आल्यावर मैत्रिणीला बसवलं शेजारी. आता रोज ५ पानं, तिची मी तपासते, माझी ती.